भाऊबीजेची चोळी : शिवावी की विकत आणावी?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्ते बोलत आले आहेत. यंदा कार्यकारी मंडळाने मशीनवर उभा जन्म घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास पाचारण केले आणि विषयही आमच्या बेताचाच नेमून दिला. महिला मंडळाच्या गेल्या सभेत असा वाद निघाला म्हणे, की दिवाळीत आपल्या माणसांस द्यावयाची वस्तू घरी करावी की बाजारातून आणावी? एक पक्ष म्हणाला, हाताने केलेल्यात जिव्हाळा असतो. दुसरा म्हणाला, नोकरी करणाऱ्या बाईने जिव्हाळा रात्री बारानंतर शिवावा काय? निर्णय होण्यापूर्वीच चहा आला. तो अर्धवट राहिलेला निर्णय आम्ही येथे पुरा करावा अशी अपेक्षा दिसते. ती पुरी होईलच असे आश्वासन आम्ही देत नाही.

इतरांस हा प्रश्न केवळ हौसेचा असेल, पण आपण शिंपी आहोत. नामदेवमहाराजांचे (१२७० ते १३५०) नाव सांगणारी, सुई-दोऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेली ही ज्ञाती. आपल्या कात्रीविषयी लोकांत जी म्हण आहे ती सर्वांस पाठ आहे. आज दिवाळीच्या तोंडावर तिचा उच्चार आम्ही करीत नाही. सांगावयाचे इतकेच, की ज्याचा धंदाच शिवण्याचा, त्याने बहिणीस शिवलेली चोळी दिली तर त्यात विशेष ते काय, आणि विकत आणलेली दिली तर लोक काय म्हणतील, अशा दुहेरी पेचात आपली घरे सापडलेली असतात. यमद्वितीयेच्या कथेत यमराज यमुनेच्या घरी जेवले आणि त्यांनी तिला वस्त्रे-अलंकार दिले असे सांगतात. ती वस्त्रे कोणी शिवली याचा खुलासा पुराणिकबुवांनी कधी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, दुकान बार्शीच्या बाजारात होते. दुकान कसले, एका कापडदुकानाचा ओटा. त्यावर एक पायमशीन, एक कातरकामाची फळी आणि मागे खुंट्यांवर टांगलेले सदरे. आम्ही सांगतो आहो तो काळ १९५६-५७ च्या सुमाराचा. दसरा झाला की गिऱ्हाइकांची रीघ लागे. नवे कापड घेणे आबा वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद करीत, तरी शेजारी, सावकार, शाळामास्तर यांस नाही म्हणता येत नसे. घरच्या मुलांचे कपडे नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत तयार नसत. आम्ही अभ्यंगस्नान करून पंचा गुंडाळून बसलो आहोत आणि ओट्यावर मशीन चालू आहे, हे चित्र आजही डोळ्यांपुढे आहे. सभागृहातील पांढऱ्या केसांच्या मंडळींपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढेही ते असेल.

परंतु एक वस्तू आबांनी कधी चुकविली नाही. आमच्या आत्याबाईंची चोळी. पाडव्याच्या रात्री जेवणे झाली की ते कंदील घेऊन पुन्हा मशीनवर बसत आणि गुळेदगुड्डचा एक खण बेतून चोळी पुरी करीत. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आत्याबाईंच्या गावी, मंगळवेढ्याच्या बाजूस, जात. आता खण तर विकतचाच, विणकराच्या मागावरचा. तेव्हा 'घरी केलेली' म्हणून आपण ज्या वस्तूचा अभिमान धरतो तिच्यातही दुसऱ्याचे हात असतातच. पण सांगावयाचे ते वेगळेच आहे. त्या चोळीचे माप आबा दिवाळीत घेत नसत. आषाढीस आत्याबाई वारीला येत, आबाही बार्शीहून जात, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात बहीणभावांची गाठ पडे. पंढरीस येताना धंद्याचे हत्यार बरोबर आणावयाचे नाही असा आबांचा नेम होता. त्यामुळे टेप नसे. ते एक साधा दोरा काढीत, छातीच्या मापास एक गाठ मारीत, दंडाच्या मापास दोन, उंचीच्या मापास तीन. मग तो दोरा कागदाच्या पुडीत बांधून घरी आणून देव्हाऱ्यावरील कोनाड्यात ठेवीत. चार महिने तो तेथे असे.

एके वर्षी आम्ही बरोबर होतो. दंडाला दोरा लावताच आबा थांबले आणि म्हणाले, "दंड एवढा का उतरला ग? जेवतीस का न्हाई?" आत्याबाई हसून म्हणाल्या, "शेतातली कामं असत्यात दादा." आबा पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवाळीस मात्र चोळीबरोबर एक गुळाची ढेप आणि दोन पायली शेंगदाणे गेले, आणि माघी वारीच्या सुमारास पुन्हा गेले. दोऱ्यावरची गाठ किती खाली सरकली यावरून आबांस बहिणीच्या घरातील परिस्थिती कळली होती. तिने ती बोलून दाखविली नव्हती, आणि दाखविलीही नसती.

येथे भगिनीवर्गाच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो आम्ही टाळणार नाही. आबांच्या दुकानातील काज कोण करीत होते? बटणे कोण लावीत होते? सदऱ्याच्या घेराची हातशिलाई कोणाची? आमच्या आईची. मशीनवरचा टाका तेवढा दुकानाचा, हाताचा टाका सगळा घराचा. दिवसभराचा स्वयंपाक, पाणी, चार मुले उरकून ती रात्री दिव्यापाशी काज करीत बसे. त्या कामाची मजुरी हिशेबाच्या वहीत कधी लिहिली गेली नाही. आत्याबाईंच्या चोळीची हातशिलाईही तिचीच. पण भाऊबीजेच्या ताटापाशी सर्वजण म्हणत, भावाने स्वतःच्या हाताने शिवली! आईचा स्वतःचा भाऊ सोलापूरच्या गिरणीत कामास होता. तो दर दिवाळीस तिला दुकानातून घेतलेले लुगडे आणी, घडीही न मोडलेले, कागदात गुंडाळलेले. ते हातात घेऊन आई एकदा आम्हांस म्हणाली होती, "यात मला एक टाका घालावा लागला नाही." त्या वाक्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. घरी केलेल्या वस्तूची थोरवी गाणाऱ्या आमच्या पुरुषमंडळींस आमचे विचारणे आहे, की ती वस्तू करणारे हात कोणाचे असतात? चकलीचा सोऱ्या कोण दाबतो? 'विकतचे नको, घरचेच हवे' हा आग्रह धरणाऱ्याने निदान काज करावयास बसावे.

यावरून एक गोष्ट आठवली. महात्मा गांधी यंत्रांच्या विरुद्ध बोलत, पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्रास त्यातून वगळले. पत्नीस हाताने शिवण्याचे कष्ट पडतात हे पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र काढले, अशी हकीकत त्यांनी सांगितली. गोष्ट गोड आहे, आणि आपल्या ज्ञातीत ती अभिमानाने सांगितली जाते. आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे पेटंट आणि त्यांचे चरित्र ज्यांनी पाहिले आहे ते म्हणतात, की गृहस्थांचे लक्ष पैशावर होते आणि संसारही एकाहून अधिक होते. असो. यंत्र चांगले निघाले हे खरे. तथापि ते आमच्या घरी आल्यावरही काज आईलाच करावे लागले, हेही तितकेच खरे.

आता आम्ही आमच्या स्वतःच्या एका चुकीकडे वळतो. ती सांगावी की नाही याचा आठ दिवस विचार केला. धाकट्या भगिनीची परवानगी घेतली, म्हणून सांगतो.

आबांच्या मागे दुकान आम्ही वाढविले. तीन कारागीर, विजेवरची मशीन, दर्शनी भागात आरसा. गिऱ्हाइकांच्या मापांची एक जाड वही केली. नाव काढले की माप समोर. आबांचा दोऱ्याचा प्रकार आम्हांस गावंढळ वाटू लागला. धाकट्या बहिणीचे सासर सोलापुरात. दर दिवाळीस तिचा ब्लाउज आम्ही स्वतः शिवीत असू, कारागिराच्या हाती देत नसू, आणि याचा आम्हांस गर्व होता. १९९४ सालच्या दिवाळीस तिचे माप घेण्यास सवड झाली नाही. वहीत होतेच. अगोदरच्या वर्षीचे, तंतोतंत. त्यावरून अस्तराचा, गळ्याला नाजूक गोट लावलेला एक ब्लाउज आम्ही मन लावून शिवला. आमच्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी तो होता, हे आजही सांगतो.

भाऊबीजेच्या दिवशी ती तो घालून ओवाळावयास आली. बगलेखाली चुणी पडत होती, पाठीवर कापड झोलत होते. आम्ही शिंपी, नजर तेथेच गेली. आणि आम्ही काय म्हणालो असू? म्हणालो, "पोक काढून उभी राहू नकोस, पाठ ताठ ठेव, म्हणजे बसेल." ती पाठ ताठ करून उभी राहिली. आत दोन्ही बाजूंस तिने टाचण्या लावल्या होत्या, हे आमच्या सौभाग्यवतीस आतल्या खोलीत गेल्यावर कळले. तिने आम्हांस ते रात्री सांगितले. आम्ही म्हणालो, बारीक झाली असेल, उन्हापावसाची धावपळ. आणि वहीतील माप दुरुस्त केले. केवळ वहीतील.

दीड-दोन महिन्यांनी निरोप आला. खोकला दिवाळीपूर्वीपासून होता, ताप संध्याकाळचा येई, वजन उतरत चालले होते. क्षयाचे निदान झाले. हा रोग औषधाने बरा होतो, औषधे मध्ये न सोडता पुरी घ्यावी लागतात. तिने ती पुरी घेतली, आणि पुढील दिवाळीच्या आत ती बरी झाली. उशीर झाला त्याने तिला जो त्रास झाला तो झाला. ज्या माणसाच्या हाती दररोज वीस जणांचे माप येते, ज्याच्या वडिलांनी दोऱ्याच्या गाठीवरून बहिणीची भूक ओळखली, त्याने स्वतःच्या बहिणीच्या अंगावरचा सैल ब्लाउज डोळ्यांनी पाहिला आणि दोष तिच्या पाठीला दिला. तो ब्लाउज हाताने शिवलेला होता, ज्ञातिबंधूंनो. त्यात विकतचे काही नव्हते.

१९९५ साली दसऱ्यालाच आम्ही टेप घेऊन सोलापूर गाठले. माप घ्यावयास उभी राहण्याऐवजी ती म्हणाली, "दादा, यंदा शिवलेलं नको. मला पाच लिटरचा कुकर हवाय." आम्हांस वाईट वाटले. खोटे कशाला बोला, राग आला. शिंप्याच्या बहिणीने भावाकडे कुकर मागावा! घरी येऊन दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. शेवटी सौभाग्यवतींनी हिशेब काढला : लग्न झाल्यापासून तिला आम्ही इतके ब्लाउज दिले, त्यांपैकी एकाचाही रंग तिने निवडलेला नव्हता. काय हवे हे तिला कधी विचारलेलेच नव्हते. देणारा स्वतःच्या कसबावर इतका खूश, की घेणाऱ्याची गरज विचारण्याची त्यास गरजच वाटली नाही! कुकर आणला. त्याची रबरी कडी कित्येकदा बदलली, शिट्टी एकदा बदलली. कुकर अजून चालू आहे. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीस तिने मागितलेली वस्तूच जाते. एकदा पायात घालावयाचे मोजे गेले, एकदा दाराची जाळी.

दुसरा अनुभव थोडक्यात सांगतो. नातवाच्या बारशास सौभाग्यवतींनी जुन्या लुगड्यांची सात पदरी गोधडी केली. धावदोऱ्याच्या ओळी अशा, की पाहत राहावे. पुण्यातील सूनबाईंनी ती डोक्याला लावली आणि कपाटात ठेवली. वर्षाने भीतभीत सांगितले, की भिजली म्हणजे ती उचलवत नाही, धुलाईयंत्रात मावत नाही आणि सज्जात वाळत नाही. सौभाग्यवतींनी रुसवा धरला नाही. त्याच लुगड्यांतून दोन पदरी लहान दुपटे केले. ते इतके धुतले गेले, की त्याच्या किनारीचा मूळ रंग आता कोणासही सांगता येणार नाही.

आता आजच्या बाजाराकडे पाहू. शहरात अस्तराच्या ब्लाउजची शिलाई चारपाचशे रुपयांच्या घरात गेली आहे आणि तयार ब्लाउज तीनशेत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महागावर १८ टक्के कर झाला. म्हणजे साध्या घरांच्या खरेदीस तयार कपडा आणखी सोयीचा झाला. तयार कपडे विकत आणणाऱ्या ज्ञातिबांधवास 'स्वधर्म सोडला' म्हणून बोल लावणारे लोक आपल्यात आहेत. त्यांच्या स्वतःच्या अंगावरचे सदरे आम्ही व्यासपीठावरून पाहत आहोत, आणि टीप कारखान्याची की हाताखालची हे आम्हांस येथूनही कळते.

मात्र एका प्रथेविषयी आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्यातील जी घरे अजून मशीन चालवितात, त्यांच्याकडे ऐन दिवाळीच्या चार दिवस आधी कापड टाकावयाचे, नात्याचा हवाला देऊन शिलाई बुडवावयाची किंवा अर्धी टेकवावयाची, आणि मग ती वस्तू 'मुद्दाम शिवून घेतली' म्हणून मिरवावयाची, हे थांबले पाहिजे. त्या शिंप्याच्या घरीही बहीण आहे, आणि त्याची मुलेही नरकचतुर्दशीस पंचा गुंडाळून बसली असतील. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय घेतले आहेत त्यांत शिंपीकामही आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत आहे. सरकार मशीनसाठी पैसे देऊ करते आणि मावसभाऊ शिलाई देत नाही, असा हा प्रकार! शिवून घ्यावयाचे असेल तर गणपतीतच कापड द्यावे आणि पुरी शिलाई मोजावी.

तरुण मंडळी आता ओवाळणीही भ्रमणध्वनीवरून पाठवितात. त्यांस नावे ठेवण्यासाठी आम्हांस येथे उभे केले असेल तर निराशा होईल. गेल्या वर्षी आमच्या एका भाच्याने आईस विकतचाच गाऊन दिला. दुकानात पाचशे मिळतील असा. पण त्याच्या आईचा खांदा वर्षभर आखडलेला, हात वर जात नाही, डोक्यातून कपडा घालावयाचा म्हणजे डोळ्यांत पाणी. त्याने चार दुकाने फिरून पुढून शेवटपर्यंत उघडणारा, मोठ्या दाबबटणांचा गाऊन शोधला. आमच्या वहीत तिचे माप होते. खांद्याची गोष्ट वहीत नव्हती. तो पोरगा संगणकाच्या कचेरीत काम करतो, त्यास सुईत दोरा ओवता येत नाही. आबांनी त्यास जवळ घेतले असते असे आम्हांस वाटते.

महिला मंडळास आमचे उत्तर इतकेच, की सभेत हा प्रश्न मतास टाकू नये. ज्या घरात करणारीस हौस आहे, सवड आहे आणि घेणारीस ती वस्तू हवी आहे, तेथे खुशाल शिवावे, तळावे, विणावे. ज्या घरात यांपैकी एक नाही, तेथे दुकान आहे. आणि मंडळाने दिवाळीपूर्वी शिवणवर्ग काढण्याचे जे योजिले आहे त्यात पुरुषांसाठीही चार जागा ठेवाव्यात. काज शिकविण्यास आम्ही विनामूल्य येऊ.

आमचे बोलणे लांबले. भोजनाची पाने मांडल्याचा आवाज येतो आहे. आमची भगिनी तिसऱ्या रांगेत बसली आहे. एवढे सगळे ऐकूनही तिने पदर तोंडाला लावलेला नाही, हसते आहे. आज सकाळी येथे येताना ती म्हणाली, की यंदा ब्लाउज शिव, साधा, अस्तर नको, रंग आमसुली. १९९४ नंतर प्रथमच तिने शिवलेले मागितले. आमच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि सुईत दोरा नातू ओवून देतो. जमले तर आम्ही शिवू, न जमल्यास येथीलच एखाद्या बंधूस पुरी शिलाई देऊन शिवून घेऊ. टेप खिशात आहे. पंगत बसण्यापूर्वी तिचे माप घ्यावयाचे आहे, तेव्हा आपली रजा घेतो.